ट्रंकेतले गावचे फोटो : माणसं ओळखायची कुणाकडून आणि कशी

विचारणा अशी आहे : गिरगावातल्या चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी जपलेले शंभर-सव्वाशे जुने फोटो निघाले. बाजार, बंदर, शाळेचे ग्रुप, लग्नं, कसलासा उद्घाटनाचा समारंभ. मालवण-वेंगुर्ला भागातले असावेत असा घरच्यांचा अंदाज. बहुतेकांच्या मागे काही लिहिलेलं नाही. आजोबा-आजी गेले, गावचं घर बंद आहे. मग यातली माणसं ओळखायची कुणाकडून, विचारायचं कसं, आणि शेवटी हे फोटो द्यायचे कुणाला?

मी बरीच वर्षं हेच काम करत आले आहे. कोकणातल्या लहान गावांचे, बंदरांचे फोटो गोळा करायचे आणि त्यांतली माणसं, जागा, साल लोकांना विचारून पक्कं करायचं. पहिली गोष्ट ही की फोटो गावचे असले तरी ते ओळखणारी माणसं बहुतेक मुंबईतच सापडतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरंच्या घरं गिरण्यांत आणि गोदीत कामाला इथे आली, गावाच्या नावाने घेतलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली, आणि पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला पांगली. आज जे ऐंशीच्या घरात आहेत त्यातले बरेच गावची शाळा संपवून मुंबईला आलेले. त्यांच्या मनातलं गाव १९५०-६० च्या सुमाराचं, आणि तुमच्या ट्रंकेतलं गावही बहुधा तेच. जो गावातच राहिला त्याने बाजार रोज थोडा थोडा बदलताना पाहिला, त्यामुळे जुना बाजार आठवायला त्याला वेळ लागतो. जो सोडून आला त्याला दुकानांचा क्रम तोंडपाठ असतो.

म्हणून घाई करायची ती या माणसांना गाठण्याची. सुबक अल्बम, सालवार मांडणी या गोष्टी पुढच्या वर्षी केल्या तरी चालतील.

विचारायला निघण्याआधीची तयारी थोडीच आहे, पण ती चुकवू नका. फोटो ज्या पाकिटांत, ज्या क्रमाने ठेवलेले होते तो क्रम मोडू नका. एका पाकिटातले फोटो बहुधा एका प्रसंगाचे किंवा एका घराचे असतात. मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलने क्रमांक घाला, बॉलपेन अजिबात नको. दोन्ही बाजूंचं स्कॅन ६०० डीपीआयवर करा, कोरी दिसणारी मागची बाजूसुद्धा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो सोडवायला जाऊ नका. लॅमिनेशन करू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम असतील आणि फोटो सहज निघत नसतील तर पानासकटच स्कॅन करा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी आणि कसर हे दोन शत्रू. फोटो कागदी पाकिटांत घालून भिंतीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा. बाकीचं जतन सवडीने.

मग फोटो स्वतः वाचायचा. भिंग घेऊन, एकेक कोपरा. इथे एक नियम मला फार उपयोगी पडला आहे : फोटोतली नवी वस्तू साल सांगते, जुनी वस्तू सांगत नाही. आण्यांतला भाव लिहिलेली पाटी दुकानावर पुढे कितीही वर्षं राहू शकते. पण पाटीवर ‘नये पैसे’ दिसले तर तो फोटो १ एप्रिल १९५७ च्या आधीचा असूच शकत नाही. पत्त्यात पिनकोड आला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. गाडीच्या नंबरात ‘एमएच’ असेल तर १९८९ च्या आधीचा नाही. भिंतीवर ‘कालनिर्णय’ टांगलेलं असेल तर १९७३ च्या अलीकडचा. ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिलेला फलक १ मे १९८१ नंतरचा, कारण तोवर मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी हे सगळे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात होते. सरकारी एसटी रस्त्यावर आली १ जून १९४८ ला, पुणे-अहमदनगर मार्गावर. तेव्हा कोकणातल्या बाजारात एसटी उभी दिसली तर फोटो त्यानंतरचा, आणि बराच नंतरचाही असू शकेल. ‘याच्या आधीचा नाही’ हे पक्कं सांगता येतं. ‘याच्या नंतरचा नाही’ हे सांगताना मात्र दहा वेळा विचार करावा.

कागदही बोलतो. पाठीवर ‘आग्फा-गेव्हर्ट’ असं जोडनाव छापलेलं असेल तर कागद १९६४ नंतरचा, कारण त्या दोन कंपन्या त्या वर्षी एकत्र आल्या. ‘इंदू’ छापलेलं असेल तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, म्हणजे १९६७ किंवा पुढचा. पण ही छापाईची तारीख झाली, फोटो काढल्याची नव्हे. गेलेल्या माणसाचा लहानसा फोटो स्टुडिओत नेऊन, त्याचाच फोटो काढून मोठा करून भिंतीवर लावायची पद्धत घरोघर होती. अशा प्रतीवर दादरच्या स्टुडिओचा शिक्का असतो आणि माणूस मात्र कधी दादरला आलेलाच नसतो. चेहऱ्यावरचे बारकावे पुसट, काळं-पांढरं एकमेकांत मिसळलेलं, कडेला मूळ फोटोच्या कडांची किंवा टाचणीची सावली, अशा खुणा दिसल्या की ती प्रत समजा आणि शिक्क्यावरून गाव ठरवू नका.

पाठीवर दोन ओळी लिहिलेल्या सापडल्या तर त्यांचं शुद्धलेखन बघा. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘गांवांत’ असे अनुस्वार असतील तर लिहिणारा १९६२ च्या नव्या नियमांआधी शिकलेला आहे. मजकूर केव्हा लिहिला हे त्यावरून कळत नाही, पण कोणत्या पिढीने लिहिला हे कळतं, आणि घरात त्या पिढीचं लिहितं माणूस कोण होतं हे तुम्हाला माहीत असेलच. मोडीत लिहिलेलं असेल तर अंदाजाने वाचू नका, मोडी येणाऱ्याकडे न्या. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा : शके १८५७ म्हणजे १९३५, आणि वर्षअखेरचे महिने असतील तर १९३६.

मुलुख ओळखायला घरं बघावीत. जांभ्या चिऱ्याची भिंत, उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी आणि खळं म्हणजे अंगण, दगडी गडगा, पायऱ्यांची पाखाडी असेल तर कोकण. काळ्या दगडाचा वाडा, धाब्याचं सपाट छप्पर दिसलं तर आजोबा नोकरीनिमित्त घाटावर कुठे होते का याची चौकशी करा. छपरावर नळीची कौलं आहेत की मंगलोरी, हेही टिपून ठेवा. साल त्यावरून ठरणार नाही, पण एकाच घराचे दोन फोटो असले आणि एकात नळीची कौलं, दुसऱ्यात मंगलोरी असली तर बहुधा नळीच्या कौलांचा आधीचा हे कळतं.

एक खबरदारी रंगाबद्दल. जुन्या, विशेषतः १९३० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या पुष्कळ फिल्म आणि काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडं ते काळं उमटायचं आणि निळं पांढुरकं. त्यामुळे गडद लुगडं काळंच असेल असं नाही, आणि फिकट झालेल्या प्रतीत कपाळावर कुंकू दिसत नाही म्हणून बाई विधवा होती असं तर कधीच लिहू नये. ती नोंद एखाद्या घराला फार लागते.

आता विचारण्याबद्दल. माझ्या मते सगळं काम इथेच घडतं किंवा बिघडतं.

‘हा मालवणचा बाजार ना?’ असं विचारलंत की समोरची म्हातारी माणसं मान डोलावतात. त्यात खोटेपणा नसतो. तुम्ही घरी आलात, फोटो आणलात, तुमचं मन राखायचं असतं, आणि एकदा ‘मालवण’ हा शब्द कानावर पडला की डोळे मालवणच शोधतात. म्हणून आपला अंदाज स्वतःजवळ ठेवायचा. फोटो हातात द्यायचा आणि ‘यात काय काय दिसतं?’ एवढंच विचारून गप्प बसायचं. चांगली चार-पाच मिनिटं. पहिल्यांदा ‘नाही बाबा, काही कळत नाही’ येतं. मग बोट फिरायला लागतं. ही विहीर. हा कट्टा. इथून खाली गेलं की धक्का. नाव सगळ्यात शेवटी येतं, आणि ते असं वाट शोधत आलं की सहसा खरं असतं.

फोनवर फोटो दाखवू नका. ए-फोर आकाराचा छापील फोटो न्या, चेहऱ्यांचे मोठे केलेले तुकडे वेगळे न्या, आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसा. एका बैठकीला थोडेच फोटो. थकलेला माणूस कुठलंही नाव देऊन मोकळा होतो. घरात दोन वडीलधारी माणसं असतील तर आधी वेगवेगळं विचारा, नंतर एकत्र. एकत्र बसली की जे मोठ्याने बोलतं त्याचं खरं ठरतं.

साल थेट विचारून मिळत नाही. आपल्या पिढ्यांनी साल प्रसंगांवर टांगून ठेवलं आहे, तिथूनच उतरवून घ्यायचं. ‘रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढे होता?’ ती बुडाली १७ जुलै १९४७ ला. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे दुकान होतं का?’ तो ११ डिसेंबर १९६७ चा. मुंबईकर गिरणी कामगाराला ‘संपाच्या आधी की नंतर?’ विचारलं की उत्तर लगेच येतं, कारण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने त्या घरांच्या आयुष्याचे दोन भाग केले. बाईंना ‘तुमच्या लग्नाआधीचं की नंतरचं?’, ‘थोरला पोटात होता तेव्हाचं का?’ असं विचारा. घरगुती तारखा त्यांना चुकत नाहीत.

कुणाला विचारायचं याबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. गावातला ‘सगळं माहीत असलेला’ एक माणूस गाठला की झालं असं वाटतं. तो माणूस जरूर गाठा, पण त्याला गावातलं त्याचंच गाव माहीत असतं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, फोटोत दोर ओढणारे कोण, हे बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या मुलाला विचारून कळणार नाही. किनाऱ्यावरच्या, मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाच्या वाडीतल्या माणसांना होडीच्या नाळेवरून म्हणजे पुढच्या टोकावरून, शिडाच्या ठिगळावरून होडी कुणाची तेसुद्धा सांगता येतं. आगबोटीच्या काळातला बंदराचा फोटो असेल तर पडावांवर काम केलेल्यांची घरं शोधा. मोठी बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं-सामान पडावाने किनाऱ्याला यायचं, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांना फोटोतली ओहोटी-भरतीही वाचता येते. शाळेचा ग्रुप शिक्षकांच्या घरी, लग्नाचा फोटो भटजींच्या आणि वाजंत्र्यांच्या घरीही दाखवा. फोटोच्या कडेला उभा असलेला गडी, मूल कडेवर घेतलेली कामवाली, पालखीमागचा ढोलवाला, ही माणसं मालकाच्या घरात अनामिक असतात. त्यांच्या वाडीत त्यांना नाव असतं. तिथवर जायचा कंटाळा केला तर गावचा अर्धा इतिहास ‘एक नोकर’ म्हणून नोंदला जातो, आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, म्हणजे यातलं किती कुठून मिळतं ते दिसेल. सहा बाय नऊ सेंटिमीटरचा, पांढऱ्या काठाचा फोटो. निगेटिव्हच्याच आकाराची प्रत. मध्यभागी पार असलेला पिंपळ, डावीकडे माडीचं दुकान, उजवीकडे एसटीची फक्त मागची बाजू, आणि पुढ्यात पारावर बसलेली पाच मुलं. घरच्यांच्या मते वेंगुर्ला. भिंगातून दुकानाच्या पाटीची शेवटची तीन अक्षरं लागली, ‘…ण्डार’, म्हणजे कुठलं तरी भांडार. त्याने काहीच ठरत नव्हतं. फोटो डोंबिवलीतल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरना दाखवला. पिंपळ, दुकान यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. गाडीच्या मागच्या चाकावर बोट ठेवलं. चाकाला दगडाची उटी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून अडसर, लावलेली होती, जी आम्हा कुणालाच दिसली नव्हती. ‘वेंगुर्ल्याच्या स्टँडावर उटी कशाला लागेल? ही वस्तीची गाडी आहे, रात्रभर उतारावर उभी राहते.’ मग त्या भागातल्या वस्तीच्या गाड्या कुठे कुठे मुक्कामाला असत ते त्यांनी धडाधड सांगितलं आणि त्यातली उतारावर उभी राहणारी गावं तीनच निघाली.

पुढचा धागा मिळाला तो गिरगावात, हळदीकुंकवाला आलेल्या एका आजींकडून. त्यांनी मुलांचे चेहरे पाहिलेच नाहीत, कपडे पाहिले. पाचांपैकी तिघांच्या सदऱ्यांची चौकट एकच होती. ‘एका ताग्यातले आहेत. गणपतीला घरातल्या सगळ्या मुलांना एकाच कापडाचे सदरे शिवत. ही तीन एका घरातली, बाकीची दोन शेजारची.’ म्हणजे तीन भाऊ किंवा चुलतभाऊ, आणि दिवस बहुधा भाद्रपदाचे. त्या तीन गावांतल्या एकाच गावात, पारासमोर ज्यांचं घर होतं आणि ज्यांच्यात त्या वयाची तीन मुलं होती, असं कुटुंब गावच्या मुंबई मंडळाच्या जुन्या सभासदांनी सांगितलं. त्यातला धाकटा मुलुंडला भेटला. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि पाचांच्या मध्ये बसलेल्या मुलावर बोट ठेवून म्हणाला, ‘सगळे सांगतत तो ह्यो नाय, तेचो धाकटो भाव. तो मी.’ तिथपर्यंत दोन माणसांनी त्याला थोरला म्हणून ओळखलं होतं. भावंडांत ही अदलाबदल फार होते. म्हणून चेहऱ्यावरून आलेलं नाव, मग ते कितीही ठामपणे सांगितलेलं असो, मी वयाशी आणि घराशी ताडून बघते.

या उदाहरणात मंडळाचा उल्लेख आला. कोकणातल्या पुष्कळ गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, काही गावांची वाडीवार मंडळं आहेत. वार्षिक सभा, सत्यनारायण, मुलांचा गुणगौरव, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, या दिवशी एका हॉलमध्ये सगळं गाव जमतं. मंडळाच्या चिटणीसांना आधी भेटून एक टेबल मागून घ्या. त्यावर क्रमांक घातलेले मोठे छापील फोटो मांडा, फोटोंवर ट्रेसिंग पेपर लावून माणसांच्या बाह्यरेषा काढा आणि त्या रेषांत आकडे घाला, म्हणजे ‘डावीकडून तिसरा, मागचा, नाही त्याच्या शेजारचा’ हा घोळ होत नाही. बाजूला चिठ्ठ्या, पेन्सिली आणि एक बंद डबा. ज्याला जे कळतं ते त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. वहीत ओळीने लिहायला सांगितलं तर पहिल्याने लिहिलेलं नाव पुढचे सगळे गिरवतात. बंद डब्यातून एकच नाव तीन वेगवेगळ्या अक्षरांत निघालं तर त्याला किंमत आहे.

व्हॉट्सअॅपचा उपयोग होतो, पण तो माणूस शोधायला. ‘अमक्या वाडीतलं जुनं कुणी मुंबईत आहे का?’ हे तिथे विचारा. फोटो टाकून ‘ओळखा पाहू’ केलंत तर पहिलं चुकीचं नाव तासाभरात वीस ग्रुपांत जातं आणि मग ते पुसता येत नाही. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. आणि फोटो रंगीत करून देणारी, चेहरा ‘स्पष्ट’ करणारी ॲप्स या कामात वापरू नका. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, दुसरा तपशील रचून घालतात. रचलेला चेहरा एखाद्या आजोबांना दाखवला की त्यांची आठवणही बिघडते, आणि हे नुकसान भरून येत नाही.

बायकांच्या नावांसाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. ग्रुपच्या पुठ्ठ्याखाली पुरुषांची पूर्ण नावं आणि बायकांपुढे ‘सौ.’ आणि नवऱ्याचं नाव, असंच बहुतेक असतं. लग्नात नाव बदलायची पद्धत, त्यामुळे शाळेच्या फोटोतली मुलगी आणि पुढच्या लग्नाच्या फोटोतली सून एकच आहे हे कागदांवरून कळतच नाही. माहेरच्या माणसांना एक नाव माहीत, सासरच्यांना दुसरं. म्हणून प्रत्येक बाईसाठी माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाक मारायचं नाव असे तीन रकाने ठेवा. पुरुषांच्या बाबतीतही तात्या, अण्णा, बापू, आबा एवढ्यावर थांबू नका. एका वाडीत चार अण्णा असतात. ‘कुणाचे अण्णा?’ हे विचारल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

लोकांनी सांगितलेलं कागदाशी ताडून बघायला मार्ग आहेत. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. शाळेचा दाखला त्यातूनच निघतो, त्यामुळे शाळा ते जपून ठेवतात. मालवणच्या टोपीवाला हायस्कूलसारख्या जुन्या शाळेतला ग्रुप असेल तर वर्गशिक्षक आणि दोन-तीन मुलं ओळखली गेली की रजिस्टरावरून साल बरंच आवळता येतं. घर कुणाचं होतं यासाठी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी वही, आणि सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड. मुंबईत बसून करता येण्यासारखं म्हणजे दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं आणि संस्थांचे स्मरणग्रंथ चाळणं. उद्घाटनाच्या फोटोतले पाहुणे अशा स्मरणग्रंथांतून फार वेळा सापडतात. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, पण तिथे घरगुती फोटोंची ओळख मिळेल अशा आशेने जाऊ नका. बंदर, रस्ता, पूल, दवाखाना अशा सरकारी कामाचा फोटो असेल तर जा. वीज गावात कोणत्या साली आली, नळ कधी आले, धक्का कधी बांधला, एवढ्या तारखा एका कागदावर लिहून जवळ ठेवल्या तर विजेचा खांब दिसताच निम्मे अंदाज गळून पडतात.

आता नोंद. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात : कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, आणि त्यांना ते कसं माहीत. स्वतः त्या माणसाला पाहिलेलं आहे, घरात ऐकलेलं आहे, की फोटो बघून केलेला तर्क आहे? मी ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘ऐकीव’ अशा तीन प्रतवाऱ्या ठेवते. एकमेकांना न विचारता दोघांनी तेच सांगितलं आणि फोटोतली किंवा कागदातली एखादी खूण त्याला धरून असली तरच ‘निश्चित’. दोन माणसांनी दोन नावं दिली तर दोन्ही लिहा, खोडू काहीच नका. उद्या तिसरा माणूस येईल तेव्हा आधी कुणी काय म्हटलं होतं हेच कामाला येतं. नुसतं नाव लिहून ठेवलेला फोटो दहा वर्षांनी पुन्हा अनोळखीच होतो, कारण ते नाव खरं मानावं की नाही हे कुणालाच कळत नाही.

बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. आणि जुन्या फोटोंतून दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी वर येतात हे मनाशी धरून चला. मोडलेलं लग्न, वाटणीचा वाद, मृतदेहाशेजारी बसून काढलेला फोटो, घरातून नंतर नाहीसं झालेलं माणूस. असा फोटो त्या घरच्यांना एकांतात दाखवा. ते नको म्हणाले तर प्रसिद्ध करू नका, नोंद मात्र तुमच्यापाशी नीट ठेवा. कायद्याचं थोडक्यात : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोवरचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहत असे; आता तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे ट्रंक तुमच्याकडे आहे म्हणून त्यातल्या शेजाऱ्याच्या लग्नाच्या फोटोवर तुमचाच हक्क आहे असं होत नाही.

राहिला प्रश्न फोटो द्यायचे कुणाला. मूळ फोटो एवढ्यात कुणालाच देऊ नका. ओळख पटवताना ते पुन्हा पुन्हा भिंगाखाली घ्यावे लागतात. ज्या घराची माणसं सापडतील त्या घराला चांगली छापील प्रत आणि नोंदीचा कागद द्या. ही प्रत पोचली की बहुतेक घरांतून त्यांच्याकडचे चार फोटो बाहेर येतात आणि तुमच्या कोड्यातले काही तिथेच सुटतात. स्कॅनचा पूर्ण संच नोंदींसकट दोन ठिकाणी असू द्या, एक मुंबईत आणि एक गावच्या वाचनालयात. एका जागेवर भरवसा ठेवून चालत नाही : २६ जुलै २००५ ला मुंबईत किती घरांतले अल्बम पाण्यात गेले ते आपण पाहिलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तेच झालं.

पुढे मूळ फोटो एखाद्या संस्थेला द्यायचे ठरलं तर तोंडी देऊ नका. यादीसह दानपत्र करा. फोटो कुठे आणि कसे ठेवणार, पाहायला कुणाला देणार, कुटुंबाला प्रत मागता येईल का, छापताना कुणाची परवानगी लागेल, हे त्यात लिहा. ओळख न पटलेले फोटोही यादीत घ्या, ‘अनोळखी’ एवढंच न लिहिता दिसतं ते सगळं लिहून : जांभ्याचा धक्का, दोन पडाव, छत्री धरलेला मुलगा, मागे दीपगृह. आणि नोंदवही फोटोंबरोबरच राहील, वेगळी काढली जाणार नाही, हे कलम दानपत्रात नक्की घालून घ्या.